एसबीआयआर निवड आक्षेप

एसबीआयआर निवड आक्षेप म्हणजे अमेरिकेच्या संघीय सरकारच्या 'स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च' (संक्षेप: एसबीआयआर) या कार्यक्रमात एखाद्या लघुउद्योगाचा संशोधन प्रस्ताव नाकारला गेल्यास त्या उद्योगाने त्या निर्णयाला दिलेले औपचारिक आव्हान होय. असा आक्षेप संबंधित सरकारी विभागाकडे, गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे (जीएओ) किंवा कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स या न्यायालयात दाखल करता येतो. मात्र देऊ केलेला निधी कंत्राटाच्या स्वरूपात आहे की अनुदानाच्या, यावर यांपैकी कोणते दार उघडे आहे हे ठरते. अनुदानाच्या बाबतीत ही नेहमीची दारे बंद असतात आणि त्या त्या विभागाच्या अंतर्गत फेरविचार पद्धतीचाच आधार घ्यावा लागतो.

नाकारलेला प्रस्ताव निवडलेल्या प्रस्तावापेक्षा सरस होता की नाही, हा प्रश्न या प्रक्रियेत सहसा निकाली काढला जात नाही. सरकारने स्वतः जाहीर केलेले निकष आणि नियम स्वतः पाळले की नाही, एवढेच येथे तपासले जाते. आक्षेप यशस्वी झाला तरी बहुतेक वेळा निधी थेट मिळत नाही. प्रस्तावाचे पुन्हा मूल्यमापन होते.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन (एनएसएफ) या संस्थेत रोलंड टिबेट्स यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये लहान कंपन्यांना टप्प्याटप्प्याने संशोधन निधी देणारा कार्यक्रम सुरू झाला. त्या धर्तीवर अमेरिकी काँग्रेसने 'स्मॉल बिझनेस इनोव्हेशन डेव्हलपमेंट अ‍ॅक्ट' संमत केला आणि २२ जुलै १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. विद्यापीठे किंवा अन्य संशोधन संस्थांबरोबर भागीदारी आवश्यक असलेला 'स्मॉल बिझनेस टेक्नॉलॉजी ट्रान्सफर' (एसटीटीआर) हा भगिनी कार्यक्रम १९९२ मध्ये आला. क्वालकॉम, सिमँटेक आणि आयरोबोट या पुढे नावारूपाला आलेल्या कंपन्यांना आरंभीच्या काळात एसबीआयआर निधीचा लाभ झाला होता.

ज्या संघीय विभागांचा बाह्य संशोधनावरील वार्षिक खर्च १० कोटी डॉलरपेक्षा अधिक आहे, त्यांनी त्या खर्चाचा ठरावीक हिस्सा एसबीआयआरसाठी राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक केले. २०१७ या आर्थिक वर्षापासून हा हिस्सा ३.२ टक्के झाला. कार्यक्रमाला कायमस्वरूपी मान्यता नसून काँग्रेसने त्याची मुदत वेळोवेळी वाढवली आहे. २०२२ च्या कायद्याने ती ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली होती.

कार्यक्रमाचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात कल्पना व्यवहार्य आहे का हे तपासले जाते; हा टप्पा साधारणतः सहा महिने ते एक वर्षाचा असतो. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष संशोधन व नमुन्याची निर्मिती होते. २०११ च्या कायद्याने या दोन टप्प्यांसाठी अनुक्रमे दीड लाख आणि दहा लाख डॉलर ही मार्गदर्शक मर्यादा घातली आणि ती महागाईनुसार वाढवण्याची तरतूद केली. तिसऱ्या टप्प्यात तंत्रज्ञानाचे व्यापारीकरण होते. या टप्प्यासाठी एसबीआयआरचा राखीव निधी वापरता येत नाही. पण सरकार अन्य निधीतून त्याच कंपनीला नव्याने स्पर्धा न घेता थेट कंत्राट देऊ शकते. आधीच्या टप्प्यांतील स्पर्धा पुरेशी मानली जाते. या तरतुदीमुळे पहिल्या टप्प्यातील लहान रकमेच्या निवडीलाही पुढील मोठ्या कंत्राटाचे प्रवेशद्वार म्हणून महत्त्व येते. म्हणूनच दीड लाख डॉलरचा नकारही काही कंपन्यांना आव्हान देण्याजोगा वाटतो.

कंत्राट आणि अनुदान यांतील भेद

१९७७ च्या 'फेडरल ग्रँट अँड कोऑपरेटिव्ह अ‍ॅग्रीमेंट अ‍ॅक्ट' या कायद्याने सरकारी निधीचे तीन प्रकार वेगळे केले. सरकारला स्वतःच्या थेट वापरासाठी वस्तू किंवा सेवा घ्यायची असेल तर कंत्राट केले जाते. सार्वजनिक हिताच्या एखाद्या कार्याला साहाय्य करायचे असेल तर अनुदान दिले जाते. साहाय्याबरोबरच त्या कामात सरकारचा भरीव सहभाग राहणार असेल तर सहकार्य करार होतो.

एसबीआयआर एकाच नावाने चालत असला तरी सर्व विभाग एकाच प्रकारे निधी देत नाहीत. संरक्षण खाते आणि नासा मुख्यतः कंत्राटे करतात. एनएसएफ आणि ऊर्जा खाते अनुदाने देतात. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ (एनआयएच) बहुतांशी अनुदाने आणि काही प्रमाणात कंत्राटे देते. जीएओच्या नियमांनुसार खरेदी कंत्राट नसलेल्या करारांवरील आक्षेप ते कार्यालय विचारात घेत नाही. त्यामुळे एकाच संशोधनाचा प्रस्ताव संरक्षण खात्याने कंत्राटासाठी नाकारला तर जीएओकडे जाता येते, परंतु तोच प्रस्ताव एनएसएफने अनुदानासाठी नाकारला तर जाता येत नाही. कोणता मार्ग खुला आहे हे ठरवण्यासाठी प्रथम निधीच्या घोषणेत नमूद केलेला कराराचा प्रकार पाहावा लागतो.

आक्षेपाची कारणे

एसबीआयआरमध्ये कोणते प्रस्ताव निधीस पात्र ठरवायचे याबाबत विभागांना विस्तृत स्वेच्छाधिकार असल्याचे जीएओने सातत्याने मानले आहे. विषयासाठी आलेला एकही प्रस्ताव न निवडण्याची मुभा विभागाला असते. तांत्रिकदृष्ट्या समाधानकारक प्रस्तावही निधी अपुरा असल्यास नाकारता येतो. म्हणून अशा प्रकरणांतील तपासणी मर्यादित राहते: विभागाने लागू कायदे, नियम आणि घोषणेतील अटी मोडल्या का, आणि निर्णय दुष्ट हेतूने घेतला का.

पुढील कारणांवर आधारलेले आक्षेप ग्राह्य धरले जाऊ शकतात:

• घोषणेत न दिलेला निकष वापरणे, किंवा दिलेला निकष दुर्लक्षित करणे
• दोन स्पर्धकांच्या समान त्रुटींना वेगवेगळे माप लावणे
• प्रस्तावात स्पष्टपणे दिलेली माहिती दिलेलीच नाही असे नोंदवणे
• निर्णयामागची कारणे समजतील इतकी नोंद न ठेवणे
• मूल्यमापनकर्त्याचा हितसंबंध निर्णयात गुंतलेला असणे

संरक्षण खात्याच्या घोषणांमध्ये सामान्यतः तीन निकष असतात: प्रस्तावाची तांत्रिक गुणवत्ता व नावीन्य, प्रमुख संशोधक व चमूची पात्रता, आणि व्यापारीकरणाची शक्यता. समजा, एखाद्या कंपनीकडे स्वतःचा कारखाना नाही एवढ्याच कारणावरून पहिल्या टप्प्यातील प्रस्ताव नाकारला गेला आणि घोषणेत कारखान्याची अट कोठेही नव्हती, तर अघोषित निकष लावल्याचा आक्षेप घेता येतो. याउलट, व्यापारीकरणाच्या आराखड्यात ग्राहक कोण असतील हे सांगितलेले नाही अशी टीका झाली असेल आणि आराखड्यात ते खरोखरच नसेल, तर तो आक्षेप टिकत नाही. प्रस्ताव पुरेसा स्पष्ट व तपशीलवार लिहिण्याची जबाबदारी प्रस्तावकर्त्यावर असते. मूल्यमापनकर्त्याने ओळींमधले वाचून घ्यावे अशी अपेक्षा करता येत नाही.

'आमचे तंत्रज्ञान अधिक चांगले आहे' किंवा 'परीक्षकांना हा विषय कळलाच नाही' यांसारखे युक्तिवाद सहसा फेटाळले जातात. मूल्यमापनाशी असलेला मतभेद म्हणजे मूल्यमापनातील दोष नव्हे, हे या क्षेत्रातील मूलभूत सूत्र आहे. परीक्षक मंडळात कोण असावे याची चौकशी जीएओ सामान्यतः करत नाही. त्यासाठी हितसंबंध किंवा दुष्ट हेतू दाखवावा लागतो. सरकारी अधिकारी सद्भावनेने वागतात असे कायद्याचे गृहीतक असल्याने दुष्ट हेतूच्या आरोपासाठी ठोस पुरावा आवश्यक ठरतो. मुदतीनंतर दाखल झालेला प्रस्ताव, उशीर काही मिनिटांचा असला तरी, साधारणपणे विचारात घेतला जात नाही आणि अशा नकारावरील आक्षेप क्वचितच यशस्वी होतात.

चूक सिद्ध करण्याबरोबरच त्या चुकीमुळे आपले नुकसान झाले हेही दाखवावे लागते. चूक झाली नसती तर निधी मिळण्याची वाजवी शक्यता होती असे दिसले पाहिजे. अनेक निकषांवर खूप मागे पडलेल्या प्रस्तावाच्या बाबतीत एका निकषावरील चूक सिद्ध होऊनही आक्षेप अयशस्वी होऊ शकतो.

आक्षेपाचे मार्ग

विभागाकडे आक्षेप

राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये काढलेल्या १२९७९ क्रमांकाच्या कार्यकारी आदेशाने प्रत्येक विभागाला खरेदीविषयक आक्षेप स्वतःच्या पातळीवर सोडवण्याची स्वस्त व जलद पद्धत उभारण्यास सांगितले. त्यानुसार कंत्राट अधिकाऱ्याकडे लेखी आक्षेप देता येतो आणि त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याकडून स्वतंत्र फेरतपासणी मागता येते. विभागाने ३५ दिवसांत निर्णय देण्याचा प्रयत्न करावा अशी अपेक्षा आहे. या मार्गात खर्च कमी येतो आणि संबंधही फारसे ताणले जात नाहीत. मात्र ज्याने निर्णय घेतला त्याच विभागाकडे दाद मागावी लागते, आणि विभागाची कागदपत्रे पाहण्याचा हक्क मिळत नाही.

जीएओकडे आक्षेप

१९२१ मध्ये स्थापन झालेले जीएओ हे काँग्रेसच्या अखत्यारीतील लेखापरीक्षण कार्यालय आहे. २००४ पर्यंत त्याचे नाव जनरल अकाउंटिंग ऑफिस असे होते. सरकारी खरेदीवरील तक्रारी ते १९२० च्या दशकापासून ऐकत आले आहे. १९८४ च्या 'कॉम्पिटिशन इन कॉन्ट्रॅक्टिंग अ‍ॅक्ट' या कायद्याने या अधिकाराला स्पष्ट वैधानिक आधार दिला.

या मार्गातील मुदती अत्यंत काटेकोर आहेत. आक्षेपाचे कारण कळल्यापासून किंवा कळायला हवे होते त्या दिवसापासून १० दिवसांत आक्षेप दाखल करावा लागतो. हे दिवस कामकाजाचे नव्हेत, दिनदर्शिकेतील असतात. घोषणेतच दोष दिसत असेल तर प्रस्ताव सादर करण्याची मुदत संपण्यापूर्वी तक्रार करावी लागते. निवड होईपर्यंत थांबून नंतर तो मुद्दा काढता येत नाही. विभागाकडे आधी आक्षेप घेतला असेल तर तेथील प्रतिकूल निर्णय कळल्यापासून पुन्हा १० दिवस मिळतात. ज्या खरेदीत निर्णयाची कारणे समजावून सांगणारी बैठक देणे विभागाला बंधनकारक असते आणि कंपनीने ती वेळेत मागितलेली असते, तेथे मुदत त्या बैठकीपासून मोजली जाते. ही सवलत सर्व प्रकारच्या निवडींना लागू नसल्याने नकाराचे पत्र मिळाल्यापासूनच दिवस मोजणे अधिक सुरक्षित मानले जाते.

या मार्गाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे आपोआप लागू होणारी स्थगिती. कंत्राट दिल्यापासून १० दिवसांत, किंवा बंधनकारक बैठकीच्या तारखेपासून ५ दिवसांत, जीएओकडून विभागाला आक्षेपाची सूचना मिळाली तर त्या कंत्राटाचे काम थांबवावे लागते. सूचना पोहोचवण्यासाठी जीएओला एक दिवस असल्यामुळे अखेरच्या दिवशी दाखल केलेला आक्षेप मुदतीत बसूनही स्थगितीला मुकू शकतो. तातडीची निकड किंवा देशाचे हित या कारणांवरून विभाग स्थगिती डावलू शकतो. अशा निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येते.

आक्षेप आल्यावर विभागाने ३० दिवसांत आपला अहवाल व संबंधित कागदपत्रे द्यावी लागतात. त्यावर आक्षेपकर्ता १० दिवसांत उत्तर देतो. आक्षेप दाखल झाल्यापासून १०० दिवसांच्या आत जीएओ निर्णय देते. कंपनीला वकील नेमण्याची सक्ती नाही. तथापि स्पर्धकांच्या प्रस्तावांतील गोपनीय मजकूर केवळ गोपनीयता आदेशाखाली प्रवेश मिळालेल्या वकिलांनाच पाहता येतो. वकिलाविना लढणाऱ्या कंपनीला त्यामुळे विभागाच्या नोंदींचा महत्त्वाचा भाग दिसतच नाही. १ मे २०१८ पासून आक्षेप इलेक्ट्रॉनिक प्रणालीद्वारे दाखल केले जातात. आरंभी त्यासाठी ३५० डॉलर शुल्क ठेवण्यात आले होते.

जीएओचा निर्णय ही तांत्रिकदृष्ट्या शिफारस असते. विभागाने ६० दिवसांत ती न पाळल्यास तसे जीएओला कळवावे लागते आणि जीएओ ते काँग्रेसच्या नजरेस आणून देते. प्रत्यक्षात बहुतेक शिफारशी पाळल्या जातात.

कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स

'टकर अ‍ॅक्ट' या कायद्यात १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स या न्यायालयाला खरेदी आक्षेप ऐकण्याचा व्यापक अधिकार दिला. जिल्हा न्यायालयांचा याच स्वरूपाचा अधिकार १ जानेवारी २००१ रोजी संपुष्टात आला. निर्णय स्वैर, मनमानी किंवा कायद्याशी विसंगत होता का, या कसोटीवर न्यायालय तो तपासते. येथे १० दिवसांसारखी मुदत नाही, परंतु आपोआप स्थगितीही नाही. मनाई हुकूम मागावा लागतो. कंपनीला वकिलामार्फतच उभे राहावे लागते. जीएओकडे हरलेली कंपनी येथे नव्याने दाद मागू शकते. या न्यायालयाच्या निकालावर कोर्ट ऑफ अपील्स फॉर द फेडरल सर्किट येथे अपील होते. घोषणेतील उघड दोषावर वेळेत आक्षेप न घेणाऱ्याचा हक्क संपतो, हे तत्त्व फेडरल सर्किटने २००७ मध्ये ब्लू अँड गोल्ड फ्लीट खटल्यात न्यायालयीन आक्षेपांनाही लागू केले.

अनुदान नाकारल्यास

अनुदानाच्या बाबतीत प्रत्येक विभागाची वेगळी पद्धत असते. एनआयएचमध्ये अर्जदाराला परीक्षकांच्या टीकेचे संकलन मिळते. त्यावर अपील करायचे असेल तर चारच कारणे मान्य आहेत: परीक्षकांचा पूर्वग्रह, हितसंबंधांचा संघर्ष, परीक्षक मंडळात आवश्यक तज्ज्ञतेचा अभाव, आणि निकालावर मोठा परिणाम घडवू शकेल अशी वस्तुस्थितीविषयक चूक. वैज्ञानिक मतभेद हे अपिलाचे कारण होऊ शकत नाही. अपिलावर संबंधित संस्थेची सल्लागार परिषद विचार करते. परिषदेने ते मान्य केले तर त्याच अर्जाचे पुन्हा परीक्षण होते, निधी मंजूर होत नाही. परिषदेच्या निर्णयावर पुढे अपील नाही. टीकेला उत्तर देणारा सुधारित अर्ज एकदा सादर करण्याची सोय असल्यामुळे बहुसंख्य अर्जदार अपिलाऐवजी तो मार्ग निवडतात.

पात्रतेवरील वाद

एसबीआयआरसाठी कंपनी नफा कमावण्याच्या उद्देशाने चालणारी, संलग्न संस्थांसह ५०० पेक्षा अधिक कर्मचारी नसलेली आणि मुख्यतः अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवाशांच्या मालकीची असावी लागते. निवडलेली कंपनी या अटींत बसत नाही असा वाद जीएओकडे नव्हे, तर स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे (एसबीए) नेला जातो, आणि त्यावरील अपील त्याच प्रशासनाच्या सुनावणी व अपील कार्यालयात चालते.

या कार्यालयाच्या निर्णयांचा परिणाम एका कंपनीपुरता राहत नाही. २००३ मध्ये कॉग्नेटिक्स या जैवतंत्रज्ञान कंपनीच्या प्रकरणात, साहस भांडवल पुरवणाऱ्या संस्थांना मालकीच्या अटीसाठी 'व्यक्ती' मानता येणार नाही असा निर्णय झाला. त्यामुळे अशा गुंतवणूकदारांकडे बहुमताची मालकी असलेल्या अनेक कंपन्या अपात्र ठरल्या. प्रदीर्घ वादानंतर २०११ च्या कायद्याने विभागांना निधीच्या मर्यादित हिश्शातून अशा कंपन्यांना निवडण्याची मुभा दिली. एनआयएच, एनएसएफ व ऊर्जा खात्यासाठी ही मर्यादा २५ टक्के आणि इतरांसाठी १५ टक्के ठेवण्यात आली.

महत्त्वाचे खटले

नाइट व्हिजन कॉर्पोरेशन विरुद्ध युनायटेड स्टेट्स (२००६): या कंपनीने पहिल्या दोन टप्प्यांत हवाई दलासाठी विस्तृत दृष्टिक्षेत्र असलेले रात्रदर्शी चष्मे विकसित केले होते. पुढील विकासासाठी हवाई दलाने स्पर्धा घेऊन दुसऱ्या कंपनीला कंत्राट दिले. तिसऱ्या टप्प्याचे काम आपल्यालाच देणे सरकारवर बंधनकारक होते, हा नाइट व्हिजनचा दावा कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सने २००५ मध्ये आणि फेडरल सर्किटने २००६ मध्ये फेटाळला. त्या वेळचा कायदा तिसऱ्या टप्प्याची हमी देत नाही, असा या निकालाचा अर्थ होता. २०११ च्या कायद्याने मूळ तंत्रज्ञान विकसित करणाऱ्या कंपनीलाच शक्य तितक्या अधिक प्रमाणात तिसऱ्या टप्प्याचे काम द्यावे असा निर्देश दिला. तरीही 'शक्य तितक्या' या शब्दांमुळे विभागाकडे निर्णयाला वाव राहिला आहे.

आर अँड डी डायनॅमिक्स विरुद्ध युनायटेड स्टेट्स (२००७): क्षेपणास्त्र संरक्षण संस्थेने दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव नाकारल्याविरुद्ध हा खटला होता. एसबीआयआरचा दुसरा टप्पा ही सरकारी खरेदी नव्हे, म्हणून या प्रकरणात आपल्याला अधिकारक्षेत्र नाही, असे कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सने ठरवले. फेडरल सर्किटने २००९ मध्ये निकाल कायम ठेवला. कंत्राट स्वरूपातील एसबीआयआर निवडींवरील आक्षेप जीएओ ऐकत असल्याने, या निकालामुळे लहान कंपन्यांच्या दृष्टीने जीएओच्या मार्गाचे महत्त्व वाढले.

यशस्वी आक्षेपाचा परिणाम

आक्षेप मान्य झाल्यास सामान्यतः पुनर्मूल्यमापन, घोषणेत दुरुस्ती किंवा नव्याने निर्णय अशी उपाययोजना सुचवली जाते. पुनर्मूल्यमापनात तीच कंपनी पुन्हा नाकारली जाऊ शकते. न मिळालेल्या कंत्राटातून झाला असता तो नफा भरपाई म्हणून मिळत नाही. आक्षेपाचा आणि काही वेळा प्रस्ताव तयार करण्याचा खर्च मिळू शकतो. जीएओच्या प्रकरणांत वकिलांच्या शुल्कावर असलेली ताशी १५० डॉलरची मर्यादा लघुउद्योगांना लागू नाही. न्यायालयात जिंकलेल्या लहान कंपन्यांना 'इक्वल अ‍ॅक्सेस टू जस्टिस अ‍ॅक्ट' या कायद्याखाली खर्च मागता येतो. त्यासाठी कंपनीचे निव्वळ मूल्य ७० लाख डॉलरपेक्षा आणि कर्मचारी ५०० पेक्षा अधिक नसावेत.

अनेक आक्षेप निर्णयापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण विभाग स्वतःहून चूक दुरुस्त करण्याची तयारी दाखवतो आणि आक्षेप निरर्थक ठरून निकाली निघतो. म्हणून जीएओ दोन वेगळी प्रमाणे प्रसिद्ध करते: गुणवत्तेवर निर्णय झालेल्यांपैकी मान्य झालेले आक्षेप, आणि या ना त्या स्वरूपात काही दिलासा मिळालेले आक्षेप. २०२४ या आर्थिक वर्षात सर्व प्रकारच्या खरेदीविषयी जीएओकडे १,८०३ प्रकरणे आली. पहिले प्रमाण १६ टक्के आणि दुसरे ५२ टक्के होते. २०२२ मध्ये १,६५८ प्रकरणे होती आणि हीच प्रमाणे अनुक्रमे १३ व ५१ टक्के होती. हे आकडे सर्व सरकारी खरेदीचे आहेत. एसबीआयआरमध्ये विभागांना अधिक स्वेच्छाधिकार असल्यामुळे ते जसेच्या तसे या कार्यक्रमाला लावता येत नाहीत.

टीका आणि चर्चा

आक्षेपांमुळे सरकारी कामे रेंगाळतात, अशी टीका विशेषतः संरक्षण क्षेत्रातून होते. काँग्रेसच्या सूचनेवरून रँड कॉर्पोरेशनने केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २००८ ते २०१६ या काळात संरक्षण खात्याच्या ०.३ टक्क्यांहून कमी कंत्राटांवर आक्षेप घेतले गेल्याचे आढळले. आक्षेपांपैकी निम्म्याहून अधिक लघुउद्योगांचे होते. हरलेल्या आक्षेपकर्त्याकडून खर्च वसूल करण्याची प्रायोगिक तरतूद संरक्षण खात्यासाठी संमत झाली होती. तीही केवळ २५ कोटी डॉलरहून अधिक महसूल असलेल्या कंपन्यांपुरती होती. पुढे ती रद्द करण्यात आली.

लघुउद्योगांची अडचण वेगळी आहे. पहिल्या टप्प्याच्या निधीच्या तुलनेत वकिलांचा खर्च मोठा ठरतो. ज्या विभागाविरुद्ध आक्षेप घ्यायचा तोच बहुधा पुढील घोषणेतील संभाव्य ग्राहक असतो, त्यामुळे त्याची नाराजी ओढवून घेण्याची भीतीही असते. आक्षेप घेतल्याबद्दल कंपनीला पुढील निवडीत डावलणे नियमबाह्य असले तरी ते सिद्ध करणे अवघड आहे. या कारणांमुळे अनेक कंपन्या आक्षेपाऐवजी परीक्षकांचे अभिप्राय मागवून सुधारित प्रस्ताव पुढील फेरीत किंवा दुसऱ्या विभागाकडे सादर करतात. दुसऱ्या बाजूला, नकारांना कधीच आव्हान मिळाले नाही तर विभागांचा स्वेच्छाधिकार केवळ कागदावर मर्यादित राहील, असा आक्षेप पद्धतीच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे.

भारतातील स्थिती

भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये याच धर्तीचे नाव असलेली 'स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह' ही योजना सुरू केली. २०१२ मध्ये स्थापन झालेली 'बायरॅक' ही सार्वजनिक संस्था अशा योजना राबवते. तिच्या 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट' या योजनेतून नवउद्योजकांना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले जाते. पुण्यातील व्हेंचर सेंटर ही या योजनेच्या भागीदार संस्थांपैकी एक आहे.

जीएओप्रमाणे खरेदीवरील आक्षेप ऐकणारी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा भारतात नाही. २०१२ मध्ये लोकसभेत मांडलेले सार्वजनिक खरेदी विधेयक २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर रद्दबातल झाले. निविदाकाराला संबंधित विभागाकडे तक्रार करता येते किंवा संविधानाच्या अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येते. टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार (१९९४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायालय निर्णयाची नव्हे तर निर्णयप्रक्रियेची तपासणी करते, हे तत्त्व मांडले. अमेरिकी कसोटीशी त्याचे जवळचे साम्य आहे. नकाराची कारणे मिळवण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ चा वापर करता येतो. मात्र व्यापारी गुपिते उघड होत असतील तर ती माहिती त्याच अधिनियमाच्या कलम ८ नुसार नाकारली जाऊ शकते.

हेही पहा

• निविदा
• प्रशासकीय कायदा
• न्यायालयीन पुनर्विलोकन
• माहितीचा अधिकार